वाचकांचे प्रश्न: घटस्फोटाचा कागद कुठल्या काउंटीत शोधायचा?

प्रश्न : ताई, नमस्कार. माझं वय ६६. १९८४ साली पुण्यात लग्न झालं, दोन वर्षांनी आम्ही ह्यूस्टनला आलो. घर शुगरलँडला होतं. १९९६-९७च्या सुमारास घटस्फोट झाला. वकील यजमानांनीच पाहिला होता. मी दोन-तीन ठिकाणी सह्या केल्या आणि मुलीला घेऊन ऑस्टिनला भावाकडे आले. नंतर एक जाड पाकीट आलं होतं, पण घरं बदलताना ते कुठे गेलं कळलं नाही. मी डे-केअरमध्ये आणि मग शाळेच्या कॅफेटेरियात काम केलं, त्यामुळे माझी स्वतःची सोशल सिक्युरिटी (इथली सरकारी पेन्शन) अगदी थोडी आहे. पुन्हा लग्न केलं नाही. एक मैत्रीण म्हणाली की दहा वर्षं संसार झाला असेल तर पहिल्या नवऱ्याच्या खात्यावरून काही मिळू शकतं. सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात गेले, तर त्यांनी डिक्री, म्हणजे घटस्फोटाचा कोर्टाचा निकाल, मागितली. एका वेबसाइटवर ४० डॉलर भरले, तर हाती आली जुन्या पत्त्यांची यादी. यजमानांकडे मागायची माझी इच्छा नाही. मी कागद मागितला तर त्यांना कळेल का? आणि इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने मागायचा? — एक वाचक, ऑस्टिन (नाव छापू नये)

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीचं सगळं त्याच्यापाशीच अडलंय हे तुमच्या पत्रावरून दिसतं. नाही, त्यांना कळणार नाही. डिक्रीची प्रत मागितली म्हणून कोर्टाचं ऑफिस दुसऱ्या पक्षाला फोन करत नाही की पत्र पाठवत नाही. त्यांची परवानगी लागत नाही, सही लागत नाही. टेक्सासमध्ये घटस्फोटाचं रेकॉर्ड सहसा सर्वांना खुलं असतं, आणि तुम्ही तर त्या खटल्यातल्या दोघांपैकी एक आहात. तुम्हाला सोशल सिक्युरिटी मिळाली तर त्यांच्या रकमेतून काही कापलं जात नाही. त्यांनी पुन्हा लग्न केलं असेल तर त्या बाईंच्या रकमेतूनही नाही. तुम्ही कुणाचं काढून घेत नाही आहात. संसाराची जी वर्षं तुम्ही घरात घातलीत, त्यांचा हिशेब कायद्याने ठेवलेला आहे. तो मागायला लाज कसली?

मी १९ वर्षं टेक्सासमधल्या एका काउंटीत, कोर्टाचे कागद सांभाळणाऱ्या डिस्ट्रिक्ट क्लर्कच्या रेकॉर्ड विभागात होते. 'डिव्होर्स' हा शब्द काचेपलीकडून मोठ्याने म्हणता येत नाही अशी माणसं रोज येत, सगळ्या देशांची. एकदा एका बाईंनी काही न बोलता घडी घातलेली चिठ्ठी काचेखालून आत सरकवली. चिठ्ठीवर दोन नावं आणि एक साल. बाईंच्या नावात मधलं नाव होतं तेच दुसऱ्या नावात पहिलं होतं, म्हणजे त्या आपल्याकडच्याच. मी मराठीत विचारलं, "माहेरचं आडनाव काय?" त्या दचकल्या आणि तेव्हा पहिल्यांदा त्यांनी वर पाहिलं. वीस मिनिटांत प्रत तयार झाली. त्यांनी ती वाचली नाही. शिक्क्याच्या उठावावरून फक्त अंगठा फिरवला, दोनदा, आणि कागद पर्समध्ये ठेवला. काचेच्या आत बसलेल्या माणसाला तुमची गोष्ट ठाऊक नसते आणि ती विचारायचीही नसते. त्याला दोन नावं, एक साल आणि काय हवं ते कळलं की पुरे.

आता काउंटीचं, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्याचं, बघू. घटस्फोट राज्याच्या कोर्टात होतो आणि जिथे खटला चालला त्याच काउंटीच्या कोर्टाच्या क्लर्ककडे त्याचे कागद राहतात. लग्न पुण्यात झालं, तुम्ही आज ऑस्टिनला राहता, याला इथे काही अर्थ नाही. ऑस्टिनच्या ट्रॅव्हिस काउंटीच्या ऑफिसात गेलात तर ते हात हलवत परत पाठवतील, आणि त्यात त्यांची चूक नसेल.

तुम्ही 'ह्यूस्टन' लिहिलंय, पण शहराच्या नावावरून काउंटी ठरत नाही. ह्यूस्टनचा बहुतेक भाग हॅरिस काउंटीत आहे. शुगरलँड मात्र फोर्ट बेंड काउंटीत येतं आणि तिचं मुख्य ठिकाण रिचमंड. आपली कितीतरी माणसं शुगरलँडला राहून स्वतःला ह्यूस्टनचीच म्हणवतात, आणि मग हॅरिसमध्ये रेकॉर्ड मिळालं नाही म्हणून खट्टू होऊन परत येतात. टेक्सासचा नियम असा की खटला दाखल करताना दोघांपैकी एकजण राज्यात ६ महिने आणि त्या काउंटीत ९० दिवस राहिलेला असावा लागतो. म्हणून आठवून पाहा: कागद दाखल झाले तेव्हा यजमान शुगरलँडच्या घरातच होते, की आधीच ह्यूस्टनमध्ये अपार्टमेंट घेऊन राहत होते? घरातच असतील तर आधी फोर्ट बेंड. तीन महिन्यांहून जास्त बाहेर असतील तर हॅरिसही शक्य आहे.

आठवत नसेल तरी वाट आहे, आणि ती तुमच्याच गावात आहे. टेक्सासच्या आरोग्य खात्याचा जन्म-मृत्यू-विवाह नोंदींचा विभाग ऑस्टिनला आहे. त्याच्याकडे १९६८पासून राज्यात झालेल्या घटस्फोटांची सूची आहे. तिच्यात दोघांची नावं, घटस्फोटाची तारीख आणि काउंटी सापडते. ती नोंद आहे असं सांगणारं पत्रही हा विभाग फी घेऊन देतो. पण हे पत्र म्हणजे डिक्री नव्हे. कित्येक जण ते मिळवतात, काम झालं असं समजतात आणि पुढच्या खिडकीवरून परत येतात. सूचीचा उपयोग काउंटी आणि तारीख कळण्यापुरता. कागद डिस्ट्रिक्ट क्लर्ककडूनच घ्यायचा. आणखी एक गल्लत नेहमी होते. टेक्सासमध्ये 'काउंटी क्लर्क' आणि 'डिस्ट्रिक्ट क्लर्क' ही दोन वेगळी ऑफिसं आहेत. लग्नाचं लायसन्स काउंटी क्लर्ककडे, घटस्फोटाची फाइल डिस्ट्रिक्ट क्लर्ककडे. फोन लावताना नाव नीट सांगा.

नावांपाशी थोडं थांबते, कारण आपल्या लोकांची फाइल सापडत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा फाइल हरवणं हे नसतं, स्पेलिंग हे असतं. फडके 'पीएच'ने की 'एफ'ने? क्षीरसागर 'के'ने सुरू होतं की 'एक्स'ने? देशपांडे एका शब्दात की मध्ये जागा सोडून? आपल्या बायकांच्या पासपोर्टवर मधलं नाव नवऱ्याचं असतं, आणि टायपिस्ट कधी तेच आडनाव समजून टाकतो. कुणाच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर कागदोपत्री त्याचं पहिलं नाव 'एफएनयू' होऊन बसतं, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. मी एक फाइल दीड तास शोधली होती. शेवटी ती त्याच अक्षरांखाली सापडली. म्हणून सध्याच्या नावाने शोधू नका. १९९६ साली तुमच्या ग्रीन कार्डावर किंवा ड्रायव्हिंग लायसन्सवर जे नाव होतं, ते अक्षरन् अक्षर लिहून काढा. त्याखाली माहेरचं नाव, त्याखाली यजमानांचं पूर्ण नाव, आणि स्पेलिंग जितक्या प्रकारे होऊ शकेल तितके प्रकार. शोध यजमानांच्या नावानेही घ्यायला सांगा. वकील त्यांनी पाहिला म्हणजे अर्जदार बहुधा तेच. टेक्सासमध्ये या खटल्यांचं शीर्षकच 'अमुक आणि तमुक यांच्या विवाहाच्या बाबतीत' अशा धर्तीचं असतं, त्यामुळे दोन्ही नावं शीर्षकात येतात.

क्लर्कच्या वेबसाइटवर नावाने शोधून 'कॉज नंबर', म्हणजे खटल्याचा क्रमांक मिळाला तर निम्मं काम झालं. नाही मिळाला तरी धीर सोडू नका. नव्वदच्या दशकातल्या फायली ठिकठिकाणी मायक्रोफिल्मवर किंवा दूरच्या गोदामात असतात. ऑनलाइन दिसत नाही याचा अर्थ रेकॉर्ड नाही असा होत नाही.

मागताना शब्द नेमके वापरा: 'फायनल डिक्री ऑफ डिव्होर्स'ची एक सर्टिफाइड कॉपी. 'डिव्होर्सचे पेपर्स' असं मोघम मागितलंत तर क्लर्क विचारेल, अख्खी फाइल का? अख्ख्या फाइलमध्ये अर्ज, नोटिसा, मालमत्तेच्या याद्या, सगळं येतं, आणि पैसे पानामागे मोजले जातात. तुम्हाला हवा आहे तो न्यायाधीशांच्या सहीचा निकाल, त्यावर क्लर्कची सही आणि शिक्का. साधी झेरॉक्स सोशल सिक्युरिटीला चालत नाही आणि नोटरी केलेली प्रतही चालत नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपण गॅझेटेड ऑफिसरकडून 'ट्रू कॉपी' करून घेत वाढलेली माणसं. नोटरी फक्त सही करणाऱ्या माणसाची ओळख पाहतो. कागद खरा आहे असं म्हणायचा अधिकार तो ज्या ऑफिसात ठेवलाय त्यालाच.

रिचमंडपर्यंत जायची गरज नाही, टपालानेही मागवता येतं. पत्र एका पानाचं पुरे: दोघांची तेव्हाची नावं, अंदाजे साल, कॉज नंबर असल्यास तो, काय हवंय, तुमचा फोन आणि पत्ता. सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं मोठं पाकीट आणि फोटो आयडीची झेरॉक्स. पैसे पाठवायच्या आधी मात्र फोन करा. डिक्री किती पानांची आहे, एकूण किती भरायचे, वैयक्तिक चेक चालतो की मनी ऑर्डरच हवी, हे विचारून घ्या. कमी पैशांचा चेक म्हणजे पत्र परत आणि तीन आठवडे वाया. फोन सकाळी, सोमवार सोडून करा. सोमवारी आमच्या टेबलावर शनिवार-रविवारचा ढीग असायचा.

डिक्री हातात आली की न्यायाधीशांच्या सहीची तारीख पाहा. लग्नाची १० वर्षं घटस्फोट पक्का झाला त्या दिवसापर्यंत मोजतात, वेगळे राहायला लागलात त्या दिवसापर्यंत नाही. तुमचं लग्न १९८४चं, तेव्हा तुम्हाला अडचण दिसत नाही. लग्नाचा दाखला पुण्याहून मागवायचा असेल तर ते आजच सुरू करा, वेळ त्यालाच लागतो. यजमानांचा सोशल सिक्युरिटी नंबर त्या काळच्या एकत्र भरलेल्या टॅक्स रिटर्नवर असेल. भावाकडच्या जुन्या खोक्यात ते रिटर्न सापडतं का पाहा. यजमान स्वतः ६२ वर्षांचे झालेले हवेत. त्यांनी अजून स्वतःची रक्कम सुरू केली नसली तरी चालतं, कारण तुमच्या घटस्फोटाला दोन वर्षांहून जास्त काळ लोटला आहे. तुम्हाला जास्तीत जास्त त्यांच्या पूर्ण रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळू शकतं. तुमची स्वतःची रक्कम त्यापेक्षा कमी असेल तर फरक मिळतो.

एक गोष्ट सांगायला जड जातं, पण सांगते. कधी कधी खटला दाखल होतो आणि कुणी पाठपुरावा करत नाही म्हणून कोर्ट तो काढून टाकतं. सह्या झालेल्या असतात, माणसं वेगळी राहायला लागलेली असतात, पण डिक्री कधी झालेलीच नसते. तुम्हाला 'जाड पाकीट' आलं होतं, त्यामुळे तुमच्या बाबतीत तसं झालं असेल असं मला वाटत नाही. तरी क्लर्क 'केस आहे, पण डिक्री नाही' म्हणाला तर घाबरून फोन ठेवू नका. केस कशी बंद झाली ते विचारा, त्या शेवटच्या आदेशाची प्रत घ्या आणि मग वकिलाकडे जा. आणि दोन्ही काउंट्यांत काहीच सापडलं नाही, तर 'शोध घेतला, नोंद आढळली नाही' असं लेखी मागा.

वेबसाइटचे ४० डॉलर गेले ते गेले. अशा वेबसाइटकडे कोर्टाचा शिक्का नसतो, तेव्हा कितीही पैसे घेऊन त्या सर्टिफाइड कॉपी देऊ शकणार नाहीत.

प्रश्न : माझ्या मुलाचं लग्न ठरतंय. मुलगी घटस्फोटित आहे, तिचा घटस्फोट न्यूयॉर्कला, क्वीन्समध्ये झाला. मुलगी आम्हाला पसंत आहे, पण कारण काय होतं ते एकदा फाइलमध्ये बघावं असं घरच्यांना वाटतं. तिला न सांगता बघता येईल का? — एक वडील, न्यू जर्सी

उत्तर : येणार नाही. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोट सुप्रीम कोर्टात होतात (नाव मोठं असलं तरी तिथे ते खालचं कोर्ट आहे) आणि फाइल त्या-त्या काउंटीच्या काउंटी क्लर्ककडे असते. ती फाइल १०० वर्षं बंद. दोघं पक्षकार, त्यांचे वकील किंवा कोर्टाचा हुकूम घेऊन आलेला माणूस, एवढ्यांनाच ती पाहायला मिळते. टेक्सासबद्दल वर लिहिलंय ते वाचून तिकडे अर्ज करू नका.

फाइल खुली असती तरी मी नकोच म्हटलं असतं. त्या फायलींत काय असतं ते मी वर्षानुवर्षं पाहिलंय. दोन माणसं जेव्हा सर्वांत दुखावलेली असतात तेव्हा वकिलांनी लिहून दिलेली वाक्यं असतात ती. त्यातून माणूस कळत नाही. लग्नाचं लायसन्स घेताना आधीचा घटस्फोट कधी आणि कुठे झाला ते तिला सांगावंच लागेल, आणि गरज पडली तर डिक्री ती स्वतः मागवेल. घरच्यांना जे विचारायचंय ते मुलाने तिला समोर बसून विचारावं. ती सांगेल तेवढं तिचं. तुम्ही पत्रात 'पसंत आहे' असं लिहिलंय, आता तिच्यावर विश्वास ठेवा.

प्रश्न : माझा घटस्फोट २०११ साली कॅलिफोर्नियात, सांता क्लारा काउंटीत झाला. आता मी पुण्यात राहतो आणि इथे पुन्हा लग्न करतोय. नोंदणी कार्यालयात 'अपोस्टिल केलेली डिक्री' मागतात, म्हणजे परदेशात चालावी म्हणून सरकारी प्रमाणपत्र जोडलेली. कॅलिफोर्नियाच्या राज्याच्या ऑफिसला लिहिलं, तर नोंद नाही म्हणून कळवलं. मी घाबरलो आहे. — एक वाचक, पुणे

उत्तर : घाबरू नका. कॅलिफोर्निया राज्याच्या ऑफिसकडे घटस्फोटाच्या नोंदी फक्त १९६२ ते जून १९८४ या काळातल्या आहेत. तुमचा २०११चा, त्यामुळे तो तिथे असणारच नाही. तुमचं 'जजमेंट' सांता क्लारा काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या क्लर्ककडे आहे. कॅलिफोर्नियात 'डिक्री' न म्हणता 'जजमेंट' म्हणतात, तोच शब्द वापरा. सर्टिफाइड कॉपीची तिथली फी १५ डॉलर आहे, तरी पाठवण्याआधी एकदा विचारा. भारतातल्या बँकेचा चेक ते घेणार नाहीत. तिकडच्या मित्राला प्रत्यक्ष जाऊन घ्यायला सांगणं सर्वांत सोपं. कॅलिफोर्नियाच्या जजमेंटवर 'वैवाहिक स्थिती संपल्याची तारीख' वेगळी लिहिलेली असते, कारण नोटीस मिळाल्यापासून ६ महिने पुरे होईपर्यंत तिथे लग्न संपत नाही. पुण्याच्या अर्जात तुमच्या मोकळेपणाची तारीख म्हणून तीच लिहा, सहीची किंवा शिक्क्याची नाही.

प्रत मिळाली की ती सॅक्रामेंटोला, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे अपोस्टिलसाठी जाते. भारत २००५पासून अपोस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, म्हणून अपोस्टिल लागल्यावर वकिलातीचा वेगळा शिक्का लागत नाही. अपोस्टिल फक्त क्लर्कची सही खरी आहे एवढंच सांगतं. भारतात तो निकाल मानायचा की नाही हा वेगळा प्रश्न आहे. तो दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३वर आणि भारताच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९१च्या निकालावर ठरतो. तुमचं पहिलं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालं असेल, तर दोघांनी संमतीने किंवा स्वतःहून कोर्टात हजर राहून घटस्फोट घेतला होता का, हे महत्त्वाचं. एकतर्फी झाला असेल तर लग्नाची तारीख धरण्याआधी पुण्यातल्या वकिलाला जजमेंट दाखवा. हे मागाहून निस्तरायला फार जड जातं.

दोन प्रती मागवा आणि एकीवरच अपोस्टिल घ्या. अपोस्टिलचं पान जजमेंटला पिनेने जोडलेलं येईल. स्कॅन नीट यावा म्हणून ती पिन काढू नका, झेरॉक्सवाल्यालाही काढू देऊ नका. एकदा ते पान सुटं झालं की नोंदणी कार्यालय तो कागद नाकारू शकतं, आणि मग सॅक्रामेंटोपासून पुन्हा सुरुवात करावी लागते.